कपाटामागची भिंत

भाड्याचं घर बघायला गेलो की आपण काय बघतो? नळ सोडून पाण्याचा दाब बघतो, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते फोनवर बघतो, आजूबाजूला भारतीय किराणा मिळतो का ते विचारतो. इंग्लंडमधली आठ वर्षं आणि चार घरं जमेला धरून मी तुम्हाला आणखी एक गोष्ट सुचवेन. कपाट पुढे ओढा आणि त्याच्या मागची भिंत बघा.

पण आज मला घरात शिरण्याबद्दल नाही, घर सोडण्याबद्दल बोलायचं आहे. कपाटामागे काय आहे हे आपल्याला माहीत आहे, आणि आपल्यानंतर तिथे राहायला येणाऱ्याला ते माहीत नाही. त्याला सांगणं हे आपलं काम आहे का? घर आपलं नाही, ते बांधलं आपण नाही, दुरुस्त करायची जबाबदारीही आपली नाही. मग नुसतं गप्प राहिलं तर आपण काही चूक करतो का? हा प्रश्न माझ्यासमोर आला तेव्हा मी आधी चुकीचं उत्तर दिलं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

घर लीड्समध्ये होतं. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या लाल विटांच्या व्हिक्टोरियन घरांची रांग, आणि त्या रांगेतलं टोकाचं घर. आम्ही ते २०२३च्या जुलैत पाहिलं. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, खिडक्या सताड उघड्या, भिंती नुकत्याच रंगवलेल्या. नव्या रंगाचा वास आला तेव्हा मला बरंच वाटलं. आपल्याकडे घराला नवा रंग म्हणजे दिवाळी नाहीतर लग्न! विद्यापीठात माझं दोन वर्षांचं पोस्टडॉकचं कंत्राट होतं, नवऱ्याची नोकरी अजून पक्की नव्हती, भाडं महिना ९५० पौंड. आम्ही सही केली.

नोव्हेंबरात मागच्या खोलीत बंद ट्रंकेसारखा कुबट वास यायला लागला. कपाट ओढलं तर छताच्या कोपऱ्यापासून कपाटाच्या पाठीपर्यंत काळे ठिपके पसरलेले. आत टांगलेल्या नवऱ्याच्या लोकरी कोटावर पांढरी बुरशी. मी फोटो काढून एजंटला ईमेल केली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, सोबत दोन पानी सूचनापत्रक. खिडक्या उघडा, स्वयंपाक करताना भांड्यांवर झाकण ठेवा, कपडे घरात वाळत घालू नका, हीटिंग चालू ठेवा. शेवटी एक वाक्य होतं. अशी बुरशी बहुधा राहणीमानामुळे येते, असं काहीसं.

त्या पत्रकातली एकही सूचना खोटी नव्हती, हे आधी कबूल करते. २० अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते, १० अंशांची हवा जेमतेम साडेनऊ. म्हणजे खोलीतली उबदार, दमट हवा थंड भिंतीला टेकली की तिला जास्तीची वाफ तिथेच सोडून द्यावी लागते. माणूस झोपेत श्वासातून पाणी सोडतो, भात शिजताना वाफ सुटते, धुतलेल्या कपड्यांची एक बादली घरात वाळवली तर लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं. आणि ही जुनी घरं भरीव विटांच्या भिंतींची. नंतरच्या घरांमध्ये दोन भिंतींत पोकळी ठेवायला लागले, ती इथे नसते. भिंत आतूनही थंड राहते. भिंतीलगतची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही.

म्हणून आम्ही सगळं केलं. डिह्युमिडिफायर आणला. रोज सकाळी त्याच्या टाकीतलं दीड लिटर पाणी ओतताना तो आकडा मी वहीत टिपायची. कपडे वाळवायला लाँड्रोमॅटमध्ये न्यायला लागलो. जानेवारीत खिडकी उघडून, अंगात कोट घालून मी कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी राहायची. मंडळातले मित्र जेवायला आले की मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. मग एकदा एका मैत्रिणीच्या घरी गेले, तर तिच्याकडेही एक दार लावलेलं होतं. आम्ही दोघी हसलो, पण ती दारं का लावली होती यावर बोललो नाही. मला वाटतं तुमच्यापैकी काहींना हे दार ओळखीचं असेल. 'आपल्या स्वयंपाकामुळेच होत असेल' हे वाक्य आपण परदेशात फार लवकर मान्य करतो. वासावरून, तेलावरून, हळदीच्या डागांवरून आधीच जरा ओशाळलेले असतो, त्यात ही भर.

मला त्यात नवल वाटलं ते या ओशाळेपणाचं, कारण ओल मला नवी नाही. माझं माहेर सावंतवाडीकडचं. पावसाळ्यात चपलांवर बुरशी, ट्रंकेतल्या साड्यांना वास, गाद्या गार. झड भिंतीवर येऊ नये म्हणून झावळ्या बांधायच्या, चुलीच्या वर दोरीवर कपडे टाकायचे, आणि गणपती गेले की ऊन बघून घरातलं सगळं अंगणात काढायचं. घरात ओल आली म्हणून कुणी कुणाला बोल लावलेला मला आठवत नाही. पाऊस पडतो, ओल येते, सगळे मिळून ती काढतात. आईला फोनवर इथली भिंत दाखवली तर तिने एवढंच विचारलं, "पन्हळ बघितलीस का?" माझ्या राहणीमानाबद्दल तिला शंका आली नाही. तिला शंका आली ती घराची.

पन्हळ मी बघितली नव्हती. पत्रक वाचल्यापासून मी स्वतःकडेच बघत होते.

कारण शोधताना आपण नेमकं काय करतो, याचा विचार एच. एल. ए. हार्ट आणि टोनी ऑनरे या ऑक्सफर्डच्या दोन कायदेतज्ज्ञांनी १९५९ सालच्या 'कॉझेशन इन द लॉ' या पुस्तकात केला आहे. आग लागायला प्राणवायू लागतोच, पण आगीचं कारण प्राणवायू असं आपण म्हणत नाही. टाकलेली पेटती सिगारेट म्हणतो. जे नेहमीचं, गृहीत धरलेलं, ते मागे राहतं. जे वेगळं, खटकणारं, ते कारण ठरतं. हे पटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. नेहमीचं काय आणि वेगळं काय, हे कोण ठरवतं? दीडशे वर्षांची थंड भिंत नेहमीची मानली, तर भात शिजवणारं कुटुंब हे कारण ठरतं. भात शिजवणं, श्वास घेणं, अंघोळ करणं नेहमीचं मानलं, तर भिंत कारण ठरते. भौतिकशास्त्र दोन्हीकडे तेच आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा २०२०च्या डिसेंबरात वारला. त्याचे आईवडील सुदानमधून आलेले. एका बेडरूमचा सामाजिक गृहसंस्थेचा फ्लॅट. वडिलांनी २०१७ पासून बुरशीची तक्रार केली होती, आणि त्यांना वरून रंग लावायला सांगण्यात आलं होतं. कुटुंबाच्या राहण्याच्या, अंघोळीच्या पद्धतीमुळे हे होत असेल असं गृहीत धरलं गेलं. बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनाच्या विकाराने मृत्यू, असा निर्णय कॉरोनरने २०२२च्या नोव्हेंबरात दिला. त्याच्या आधी, २०२१ साली, इंग्लंडच्या हाउसिंग ओम्बड्समनने ओल आणि बुरशीवरच्या आपल्या अहवालाच्या शीर्षकातच म्हटलं होतं की हा राहणीमानाचा मामला नव्हे. आज अवाबच्या नावाचा कायदा आहे. २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक गृहसंस्थांना तातडीचा धोका असेल तर २४ तासांत, आणि ओल-बुरशीचा गंभीर धोका असेल तर दहा कामकाजाच्या दिवसांत पाहणी करावी लागते. आम्ही राहत होतो ते खाजगी घर होतं, आणि काळ त्याच्या आधीचा होता.

२०२४च्या उन्हाळ्यात करार वाढवताना एजंटने माणूस पाठवला. त्याने औषध फवारलं आणि बुरशीरोधक पांढरा रंग लावला. तो नवा वास आला आणि पहिल्या दिवशीच्या वासाचा अर्थ मला कळला. आमच्या आधी इथे कुणीतरी राहिलं होतं. त्यांनीही हे पुसलं होतं, ओशाळले होते, आणि काही न सांगता गेले होते.

त्या डिसेंबरात आम्ही तीन आठवडे भारतात होतो. घरात कुणी नाही. ना श्वास, ना भात, ना कपडे. परत आलो तर डाग पूर्वीपेक्षा मोठा आणि बोट लावलं तर ओला. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये हे माझं रोजचं काम मला शिकवतं. हीटिंग बंद होतं, भिंत जास्त थंड झाली असणार. म्हणून आईचं ऐकलं. शेजाऱ्यांची शिडी घेऊन नवरा वर चढला. पन्हळीचा सांधा फुटलेला होता, आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येणारा पाऊस थेट त्या भिंतीवर उतरत होता. फोटो पाठवले. 'घरमालकांना कळवतो' असं उत्तर आलं. पुढे काही झालं नाही. आम्हीही फार रेटलं नाही, कारण तेव्हा घरमालक काहीही कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडायला सांगू शकत असे. ते कलम रद्द होण्याची तारीख १ मे २०२६ ठरली. आमच्यावेळी ते होतं.

फेब्रुवारी २०२५मध्ये मला ग्लासगोला नवं काम मिळालं, एक एप्रिलपासून. करार जुलैअखेरपर्यंतचा. एजंट म्हणाला, बदली भाडेकरू मिळाला तर मोकळे व्हाल, नाहीतर चार महिन्यांचं भाडं द्यावं लागेल. ३८०० पौंड. शिवाय ग्लासगोच्या घरासाठी याच एजंटकडून शिफारसपत्र हवं होतं.

आणि घर बघायला आले ते मराठी जोडपं होतं. भिंतीवरचं कालनिर्णय बघून त्याने विचारलं, "तुम्ही मराठी का?" येऊन सहाच महिने झालेले. तिच्या कडेवर दीड वर्षांची मुलगी. एजंट समोरच्या खोलीत फोनवर बोलत होता. ती मागच्या खोलीत गेली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "ही हिची खोली होईल." मग तो मला हळूच म्हणाला, "ताई, घर कसंय? काही त्रास वगैरे?"

मी म्हणाले, "तसं बरं आहे. थंडीत जरा जपावं लागतं."

माझं वाक्य खरं होतं. धर्मराजाचं अश्वत्थाम्याबद्दलचं वाक्यही खरंच होतं. 'नरो वा कुंजरो वा' ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, आणि रथ चार बोटं खाली आला एवढं आठवतो. मला त्या रात्री दुसरंच आठवत राहिलं. द्रोणांनी त्यालाच विचारलं होतं, कारण तो खोटं बोलणार नाही असा त्यांना विश्वास होता. त्या माणसाने मला विचारलं, कारण मी मराठी होते.

याच प्रश्नावर एक जुना वाद आहे. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली, अथेन्सला शिकायला गेलेल्या आपल्या मुलाला उद्देशून 'कर्तव्यांविषयी' हा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एक उदाहरण आहे. एक जण घर विकतोय. घर आरोग्याला वाईट आहे, खोल्याखोल्यांत साप निघतात, लाकूड खराब आहे, पण हे फक्त मालकाला माहीत आहे. त्याने सांगायला हवं का? डायोजेनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, कायदा मागेल तेवढं सांगावं. न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचा शिष्य अँटिपॅटर म्हणतो, सांगायलाच हवं. वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट, कारण इथे आपण समजूनउमजून दुसऱ्याला चुकू देतो. सिसेरो अँटिपॅटरच्या बाजूने आहे. नुसतं गप्प राहणं म्हणजे लपवणं नाही हे त्याला मान्य आहे. पण ज्याला ती गोष्ट कळण्यात रस आहे, त्याला ती कळू नये असं आपल्या फायद्यासाठी आपल्याला वाटत असेल, तर ते लपवणंच.

माझा फायदा ३८०० पौंडांचा होता. तेवढ्यावरच माझा निकाल लागतो. पण मला वाटतं, भाडेकरूच्या बाबतीत गोष्ट याहून पुढे जाते, आणि तुमच्यासमोर मांडायची गोष्ट हीच आहे.

घर विकत घेणाऱ्याला न सांगितल्याने त्याचे पैसे बुडतात. भाडेकरूला न सांगितल्याने दुसरं काहीतरी जातं. माझं वाक्य परत वाचा. 'जरा जपावं लागतं.' म्हणजे त्रास झालाच, तर तुम्ही जपायला कमी पडलात. एजंटच्या पत्रकातलंच वाक्य मी मराठीत करून त्यांना दिलं होतं. नोव्हेंबरात ती आई कपाट ओढेल, काळे ठिपके बघेल, आणि पहिला संशय स्वतःच्या स्वयंपाकघरावर घेईल. आमच्या आधीच्या भाडेकरूने माझ्यापासून हेच ठेवून घेतलं होतं. बुरशी तर मला दिसणारच होती. 'ही आधीपासून आहे' एवढी तीन शब्दांची माहिती माझ्याकडे नव्हती. ती असती तर दोन हिवाळे मी स्वतःवर घेतले नसते, आणि तक्रारीलाही बळ आलं असतं. प्रत्येक भाडेकरू शून्यापासून सुरुवात करतो, म्हणून प्रत्येक वेळी तो एकटाच असतो आणि भिंत जुनीच असते.

दोन दिवसांनी मंडळाच्या ग्रुपवरून मी त्याचा नंबर मिळवला. फोटो, तारखा, वहीतले आकडे, पन्हळीचा सांधा, सगळं पाठवलं. 'त्या दिवशी मी पूर्ण सांगितलं नाही, चुकले,' असं लिहिलं. तेच एजंटलाही पाठवलं, म्हणजे त्याच्या पाठीमागे काही केलं असं होऊ नये.

त्याचं उत्तर संध्याकाळी आलं. "ताई, कळवलंत ते बरं झालं. पण आमच्या पैशांत दुसरं मिळत नाहीये. दोन घरं हातची गेली."

सिसेरोच्या गोष्टीतल्या गिऱ्हाइकाला खरं कळलं की तो दुसरं घर बघेल. या मुलाला खरं कळूनही जायला जागा नव्हती. म्हणजे माझं सांगणं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही, पण त्याने मी मोकळी झाले असंही वाटत नाही. आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंचं 'रिस्पॉन्सिबिलिटी फॉर जस्टिस' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर २०११ साली आलं. त्यात घर न मिळणाऱ्या एका आईचं उदाहरण आहे. कुणीही उघड अन्याय केलेला नाही, सगळे आपापले नियम पाळताहेत, आणि तरी ती रस्त्यावर यायची वेळ आली आहे. यंग म्हणतात, दोषी कोण हा एक प्रश्न आहे. आणि या सगळ्यात आपला हात असताना आपण पुढे काय करणार हा वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर 'मी नाही' असलं तरी दुसरा संपत नाही.

त्या जोडप्याने घर घेतलं. पण सही करण्याआधी त्यांनी पन्हळीच्या दुरुस्तीची लेखी अट घातली. जे काम माझ्या चौदा महिन्यांच्या ईमेलींनी झालं नाही, ते मार्चमध्ये झालं. भिंत पूर्ण वाळायला बरेच महिने लागतात, म्हणून मुलीला त्यांनी पहिला हिवाळा पुढच्या खोलीत झोपवलं. थंड भिंत थंडच आहे, खिडकीच्या कोपऱ्यात थोडे ठिपके आलेच, असं त्याने मला नंतर कळवलं. मला शिफारसपत्र मिळालं, जरा कोरडं. डिपॉझिटमधून 'बुरशी साफसफाई' म्हणून कापलेले पैसे परत मागायला वहीतल्या तारखाच उपयोगी पडल्या.

तुम्ही भाड्याने राहत असाल, तर माझं म्हणणं लहानसंच आहे. वही ठेवा, फोटोवर तारीख ठेवा, आणि निघताना ती वही पुढच्याला पोहोचेल असं बघा. एजंट ती फेकून देईल असं वाटत असेल, तर कपाटाच्या आतल्या बाजूला एक पान चिकटवा. आणि मागच्या खोलीचं दार उघडं ठेवा; पाहुण्यांपैकी कुणाला तरी आपल्या घरचं आठवेल.

तुमच्यापैकी काही जण आता स्वतः घरमालक आहात, हेही मला माहीत आहे. एक घर राहायला, एक भाड्याने. तुमच्या भाडेकरूचा फोटो येईल, तेव्हा पत्रक पाठवण्याआधी एकदा माझ्या आईचा प्रश्न विचारा. पन्हळ बघितली का?